खबरीचं घर

मलेरियावाल्या मामांना धुराचं वेड होतं. गावाच्या अलीकडं ओढा लागायचा. त्याच्या चढावर ते सायकलवरून उतरायचे, सायकल बाभळीला टेकवायचे आणि कपाळावर आडवा हात धरून गावाकडं बघत उभे राहायचे. मला घाई असायची. पिशवीत लस असायची आणि ऊन चढायच्या आत ती टोचून संपवायची असायची. मी म्हणायचे, "चला ना मामा, काय बघता?"

"धूर बघून राहिलो, बाई. चाळीस घरं, एकोणचाळीस धूर. एक चूल काहून पेटली न्हाई?"

"गेली असतील शेतात."

"असतील. इचारून घेऊ."

आणि खरंच, गावात शिरले की सगळं सोडून ते आधी त्या बिनधुराच्या घराकडं निघायचे. दहातल्या नऊ वेळा काहीच नसायचं. बाईचा उपास असायचा, नाहीतर घरचे लग्नाला शेजारच्या साखरा गावी गेलेले असायचे. लोक हसायचे. मीही हसले आहे. दहाव्या वेळेला मात्र आत कुणीतरी गोधडीखाली कुडकुडत पडलेलं असायचं, आणि शेजारपाजारला पत्ता नसायचा. मामा मग कुणाला काही न बोलता बोट टोचायचे, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचे आणि कडू गोळ्या काढायचे.

हे वेड त्यांना कसं लागलं ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकाला गेली. मामा शिरड शहापूरचे, बौद्ध घरातले. गावातल्या निम्म्या घरांत त्यांना उंबऱ्याच्या आत पाय टाकू देत नसत. सरकारनं माणूस पाठवलाय घरोघर ताप शोधायला, आणि त्या माणसानं अंगणात उभं राहून ओरडायचं, ताप हाय का कुणाला. आतून कुणीतरी न्हाई म्हणणार. आत काय आहे ते दिसणार नाही, म्हणून मामा धूर बघायला शिकले. उंबऱ्यावरचं शेणाचं सारवण ताजं आहे का, दोरीवरची धुणी कालचीच आहेत का, हे बघायला शिकले. लोक त्याला मामांचा चक्रमपणा म्हणायचे. माणसाला दारात रोखायचं आणि तो दारातूनच बघायला शिकला की त्याला वेडा म्हणायचं, हे मला अजून पचत नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची, नवी नर्स. धनगराची लेक. माझा बाप मेंढरं कधी मोजायचा नाही, नुसती नजर फिरवायचा आणि म्हणायचा, काळ्या कानाची दिसत नाही. मामा घरांकडं तसे बघायचे. गोरेगावात मी एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे. जिल्हा तेव्हा परभणी होता, हिंगोलीला जायचं म्हणजे दिवस मोडायचा. ज्या गावाची ही हकिगत आहे ते गोरेगावपासून दोन कोसांवर. नाव सांगणार नाही. त्या गावाचं नाव एकदा सरकारी कागदावर फार वाईट पद्धतीनं लिहिलं गेलंय आणि त्याखाली माझी सही आहे. पुन्हा लिहायची माझी तयारी नाही.

मामा दिसायला काडी. खाकी सदऱ्याच्या एका खिशात काचपट्ट्या, दुसऱ्या खिशात बिड्या आणि गेरूचा खडा. वाटेत जो भेटेल त्याला जयभीम घालायचे, पाटलांनासुद्धा. आणि घातला की तिथंच उभे राहायचे, समोरून काहीतरी उत्तर येईपर्यंत. पाटील कुरकुरत रामराम म्हणायचे. मामा खूश. "रामराम म्हणले, बराबर झालं. आपल्याला उत्तराशी काम. ज्याच्या तोंडातून उत्तर येतं तो माणूस चांगला हाय असं धरायचं." एकदा एका म्हातारीनं रक्त घ्यायला बोट पुढं केलं ते पदरात गुंडाळून, नुसतं टोक बाहेर ठेवून. मामांचा हात लागू नये म्हणून. मामांनी टोकालाच सुई लावली आणि विचारलं, "आजी, मच्छरानं चावायच्या आधी जात इचारली व्हती का?" म्हातारी हसली. मला हसू आलं नाही.

काम करायची त्यांची रीत साऱ्या खात्याला डोकेदुखी होती. त्या काळी मलेरियाच्या माणसानं दर पंधरवड्याला घरोघर जायचं आणि दाराशेजारी भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. साहेब आले की भिंती तपासायचे. बाकीचे लोक एका दमात चार पंधरवड्यांच्या तारखा टाकून मोकळे व्हायचे. भिंती कशा छान भरलेल्या. मामांच्या भिंतीवर मात्र जागोजाग लिहिलेलं, भेट न्हाई. म्हणून ठपका कायम मामांना. "भेटलोच न्हाई तर भेटलो कसं लिहू?" असं ते साहेबांच्या तोंडावर विचारायचे आणि साहेब माझ्याकडं बघायचे, जणू मीच त्यांना शिकवून पाठवलंय.

त्या चौकटीखाली मामा गेरूनं आपली स्वतःची एक खूण करायचे. एक गोल, गोलातून निघालेला बाण आणि बाणावर आडव्या रेघा. बाण कोणत्या बाजूला आणि रेघा किती, यावरून कळायचं की ह्या घराचं खबरीचं घर कोणतं. दोन रेघा म्हणजे त्या बाजूचं दुसरं दार. आता खबरीचं घर म्हणजे काय, तर मामा प्रत्येक घरी एक प्रश्न विचारायचे. "तुमच्या घरात दोन दिस कुणी उठलंच न्हाई, तर ते कुणाला कळावं वाटतं तुमाला?" घरानं एक नाव सांगायचं. मग मामा त्या दुसऱ्या घरी जाऊन कबुली घ्यायचे. दोघांची कबुली झाल्याशिवाय बाण काढायचा नाही, हा नियम. आणि कुणी कुणाचं नाव घेतलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, कारण एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याला राग येतो. ज्याची खूण त्याला ठाऊक. सगळ्या खुणा वाचता यायच्या त्या मामांना. आणि मामांनी शिकवल्या म्हणून मला.

सोपं वाटतं ना? करून बघा. दोन सख्खे भाऊ होते, मधे भिंत घातलेली. धाकटा म्हणाला, "माझी खबर कुत्र्याला इचारा, पर त्याला न्हाई." मामा आठ पंधरवडे त्याच्या अंगणात जाऊन बसले. भांडणाचा विषय काढला नाही. बिडी ओढायची, पाऊसपाणी बोलायचं, उठायचं. नवव्या खेपेला धाकटा म्हणाला, "भावाला नगं, वैनीला इचारा." मामांनी बाण काढला आणि त्या दिवशी परतताना सायकल हातात धरून गोरेगावापर्यंत चालत आले. मी म्हटलं, बसा ना सायकलवर. म्हणाले, "आज चालून घेतो, लई बरं वाटून राहिलं."

"बाई," ते म्हणायचे, "ताप गोळीनं उतरतो. पर गोळी कोणत्या घरी न्यायची ते शेजारी सांगतो. तापानं माणसं कमी मरतात. कुणाला कळलंच न्हाई म्हणून जास्त मरतात."

अलीकडं आम्हा निवृत्त नर्सबायांच्या एका मेळाव्यात एक तरुण डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता, की माणसांचे आपसातले संबंध चांगले असले, एकमेकांवर भरवसा असला, की तब्येती चांगल्या राहतात, आणि हे आता जगभर मान्य झालंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात उठेना. आता मान्य झालंय होय. आमच्याकडं एक माणूस हे भिंतीवर गेरूनं लिहून गेला, आणि आम्ही त्याचं काय केलं ते मला ठाऊक आहे.

पहिल्यांदा भेटले तेव्हा मामांनी मलाही तोच प्रश्न विचारला होता. मी नव्या कोऱ्या पांढऱ्या साडीत खोलीच्या दारात उभी. "बाई, तुमची खबर कुणाला इचारू?" मी ठसक्यात म्हणाले, "मी नर्स आहे. माझी खबर मी स्वतः ठेवते." मामांनी वाद घातला नाही. खिशातून खडा काढला आणि माझ्या दाराच्या चौकटीवर एक गोल काढला. "गोल काढून ठेवतो. बाण मंग." घरमालकीण दोन दिवस बडबडत होती.

त्या गावात सुंदराबाई म्हणून एक विधवा बाई होती. एकुलता एक तरणा मुलगा आणि चार एकर कोरडवाहू. तोंडानं फटकळ. मामांना पाणी देताना बाकीच्या बाया वरून ओंजळीत धार धरायच्या. सुंदराबाईनं एक दिवस भरला तांब्या त्यांच्या हातात ठेवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बसून प्या. ओंजळीतलं पानी निम्मं सांडतं." त्या तांब्यावरून तिच्या भावकीनं तिला महिनाभर वाळीत टाकल्यासारखं केलं. तिनं ढुंकून बघितलं नाही.

तिच्यापासून दुसरं दार कमलचं. कमल साखऱ्याची लेक, नवी नवरी, नवरा किसन चोवीस वर्षांचा. कमलच्या घराचा बाण सुंदराबाईकडं, सुंदराबाईचा कमलकडं. एका पावसाळ्यात कमलला सहावा महिना असताना ताप भरला. किसन बाजाराला गेलेला. सुंदराबाईनं दुपारच्या आत निरोप धाडला, मामा सायकल हाणत आले, गोळी वेळेवर पोटात गेली. दसऱ्यानंतर मी तिचं बाळंतपण केलं. मुलगी झाली. सुंदराबाईनं गावभर गूळ वाटला, जणू तिच्याच सुनेला झाली. एवढं ते खबरीचं घर खरं होतं.

मग नसबंदीच्या मोहिमेचं साल आलं. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, मी, मामा, झाडून सगळ्यांना हुकूम, माणसं आणा. त्यांना 'केस' म्हणायचे. केस आणली नाही तर नोकरीवर गदा. कुटुंब लहान असावं हे मलाही पटत होतं, आजही पटतं. पण पटवून सांगायचं एकीकडं राहिलं आणि माणसं धरून आणायची सुरू झाली. मामांनी एकही माणूस आणला नाही. भर बैठकीत उभे राहून म्हणाले, "साहेब, मला ताप हुडकायला ठेवलंय. ह्या माणसांना ताप न्हाई." त्यांना खाली बसवलं.

गावोगाव जीपचा आवाज आला की पुरुष पिकात शिरायचे. घरांना कुलपं. साहेब वैतागले. एका दुपारी आम्हा नर्सेसची वेगळी बैठक घेतली. मामा नव्हते. साहेब म्हणाले, "घरात माणूस नसला की कुणी सांगत नाही तो कुठं आहे. ह्यावर कुणाकडं काही उपाय?"

मी हात वर केला.

खरं सांगते, कुणी मला धमकावलं नव्हतं. मला शाबासकी पाहिजे होती. आणि मला वाटलं, मामांच्या कामाचं कौतुक होईल, सारखे ठपके खातात बिचारे. मी उठले, फळ्याजवळ गेले आणि खडूनं गोल काढला. गोलातून बाण काढला. बाणावर रेघा काढल्या. "साहेब, घर बंद असलं तरी बाणाच्या घरी त्या घरची खबर असते," असं मी म्हणाले. साहेब म्हणाले, "वा, सिस्टर." तो 'वा' माझ्या कानात आज इतक्या वर्षांनी तसाच आहे. कानशिलात मारल्यासारखा.

चार दिवसांनी जीप त्या गावात गेली. सकाळची वेळ, ज्वारी पुरुषभर वाढलेली. लोक पळाले, दारं लागली. ह्या वेळेला जीपवाले ओरडत फिरले नाहीत. भिंतीवरच्या खुणा बघितल्या, रेघा मोजल्या आणि बरोबर खबरीच्या घरी जाऊन उभे राहिले. "मलेरियावाल्यानं सांगितलंय, त्या घरची खबर तुमच्याकडं असते. बोला." कुणाला रेशनकार्डावरची साखर बंद करायची धमकी, कुणाच्या पोराला शाळेतून काढायची. सुंदराबाईच्या मुलाला दंडाला धरून जीपजवळ उभं केलं. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. "किसन कुठं सांग, नाहीतर ह्याला नेतो."

ती म्हणाली, "वढ्याकडच्या ज्वारीत."

ह्यात काय झालं ते नीट बघा. गावातल्या प्रत्येक घराला त्यानं स्वतः निवडलेल्या घरानं धरून दिलं. परक्यानं नाही, भांडणातल्या भाऊबंदानं नाही. ज्याच्यावर जीव टाकला त्यानं. शत्रूनंसुद्धा इतकं नेमकं काम केलं नसतं. आणि ते मी शिकवलं होतं, फळ्यावर, सुबक अक्षरात. चोवीस वर्षांच्या, एका तान्ह्या मुलीच्या बापाला दवाखान्यात आणून टेबलावर झोपवलं. मोहिमेच्या नियमातसुद्धा तो बसत नव्हता, पण आकडा भरायचा होता. मी तेव्हा काय करत होते? शेजारच्या खोलीत सुया उकळत होते. किसननं दारातून माझ्याकडं बघितलं. मी झाकण उघडून पाणी बघितलं.

आठवड्यात गावानं भिंती शेणामातीनं लिंपून टाकल्या. चौकटी गेल्या, गोल गेले, बाण गेले. त्यांच्या पंधरवड्याला मामा नेहमीसारखे आले. मी मागं होते. ओढ्याच्या चढावर उभे राहून त्यांनी धूर बघितला आणि म्हणाले, "धूर हाय. पर काहीतरी बिनसलंय, बाई." त्यांना काय झालंय ते ठाऊक नव्हतं असं मी तेव्हा धरून चालले. सुंदराबाईच्या दारात त्यांनी जयभीम घातला. ती सारवण करत होती. उठली, आणि शेणकाल्याची बादली उचलून त्यांच्या तोंडावर फेकली. "आमची घरं मोजून दिलीस. माझ्या हातचं पानी पिऊन."

मामांनी डोळे पुसले. पुन्हा म्हणाले, जयभीम, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. सारी गल्ली दारात आली होती. कुणी बोललं नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरून मागं उभी. एक वाक्य बोलायचं होतं, मामांनी नाही, मी सांगितलं, एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. बऱ्याच वेळानं मामांनी सायकल वळवली. महिन्याभरात गावानं अर्ज दिला की हा माणूस आम्हाला नको, आणि खात्यानं आधीच केस न आणणाऱ्यांची यादी तयार ठेवलेली. मामांना घरी बसवलं.

दसरा झाला आणि तापाची साथ आली. गावात आता कुणी कुणाच्या घरी जाईना. चुलीला विस्तव मागायला कुणी शेजारी जाईना, ज्यानं त्यानं काडेपेटी आणली. किसनला चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटायची, तो निजामाबादकडं कामाला निघून गेला. कमल तान्ही मुलगी घेऊन एकटी. तिनं सुंदराबाईला उंबऱ्यावरूनच सांगितलं होतं, "माझ्या दारात पाय ठिऊ नका." आणि सुंदराबाईला स्वतःचीच इतकी लाज वाटत होती की तिनं ते ऐकलं.

पहिल्या दिवशी कमलची चूल पेटली नाही, ते सुंदराबाईनं बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं. तिसऱ्या दिवशी लेकराच्या रडण्याचा आवाज बारीक झाला, तेव्हा तिनं दार ढकललं. कमल शुद्धीवर नव्हती. बैलगाडीत घालून आणली, पण दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही. ओढ्याच्या त्या चढावरच संपली, जिथं मामा धूर बघायला थांबायचे. कडू गोळ्यांची बाटली माझ्या कपाटात गळ्यापर्यंत भरलेली होती.

वरून कागद आला, मृत्यूचं कारण लिहून पाठवा. मजकूरही सांगितला. रुग्णानं वेळेत उपचार घेतला नाही, गावात लोकांचं अज्ञान व असहकार. अज्ञान म्हणे. त्या गावाला कुणाची चूल पेटली नाही इतकंसुद्धा ज्ञान होतं. असहकार म्हणे. चाळीस घरं एका माणसाच्या शब्दावर एकमेकांना बांधलेली होती, ती कुणी सोडवली? हे मी आज बोलते आहे. तेव्हा मी सही केली.

मामा सामान न्यायला गोरेगावात आले तेव्हा माझ्या खोलीवर आले. सामान म्हणजे एक पिशवी. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, फळा, खडू, शाबासकी. मामांनी बिडी पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवत राहिले.

"मला ठाऊक व्हतं."

"कधीपासून?"

"जीप आली तवापासून. त्या खुणा वाचणारे आपुन दोघंच व्हतो, बाई. मी सांगितलं न्हाई."

"मग गावात का नाही सांगितलंत? तोंडावर शेण झेललंत माझ्यापायी."

"तुमचं नाव घेतलं असतं, तर अडलेली बाई कुणाकडं गेली असती? माझ्या गोळ्या घेऊन दुसरा येईल. बाळंतपणाला त्या गावात तुमीच हाव." मग म्हणाले, "राग न्हाई असं समजू नका. लई राग हाय. कमल गेल्याचं कळलं तवा तुमाला हाणावं वाटलं मला. पर तो राग मी घरी घेऊन चाललो."

उठले, खिशातून गेरूचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या दारावरच्या जुन्या गोलाकडं बोट केलं. "गोल हाय. बाण तुमी काढा. दोघांची कबुली पायजे, इसरू नका."

मला आठ दिवस लागले. मग एका सकाळी मी एकटी सुंदराबाईच्या दारात गेले. कमलची मुलगी तिच्या मांडीवर होती, भाकरीचा तुकडा चोखत. किसन परत येईस्तोवर तीच सांभाळत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. मामांनी नाही, मी. सुंदराबाईनं मुलीच्या हातातला तुकडा काढून तिचं तोंड पुसलं.

"मी त्या मानसाच्या तोंडावर शेण फेकलं," ती म्हणाली. "तुमी मागं उभ्या व्हत्या."

"हो."

"तवा काहून बोलल्या न्हाई?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. ती म्हणाली, "गाव कोनतं त्याचं?"

मी सांगितलं. हिंगोलीपुढं ती बाई कधी गेलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलीला काखोटीला मारून एसटीत बसली, हिंगोलीला गाडी बदलली आणि शिरड शहापूरला जाऊन पोचली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी परत आली.

पुढच्या फेरीला मी गेले तेव्हा तिच्या लिंपलेल्या भिंतीवर ताजा गेरू होता. एक गोल, त्यातून बाण. रेघ एकही नाही. बाण गावाबाहेर, हिंगोलीच्या बाजूला निघालेला, आणि त्या बाजूला तिच्यापुढं गावात एकही घर नव्हतं, नुसती कापलेल्या ज्वारीची रानं.

"इतक्या लांब त्यांना काय कळणार?" मी विचारलं.

"दर पंधरा दिसाला पोरीला घिऊन जाऊन येनार हाय मी. न्हाई गेले, तर तो येतो म्हनला." तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमी तुमचं बाळंतपनाचं काम करा, बाई. त्याला मी आडवी येनार न्हाई. बाया तुमाला बलावतील. त्यानंच तसं सांगून धाडलंय."

गेरूचा खडा माझ्या पिशवीत होता. गावात शिरल्यापासून पिशवीत हात घालून मी तो मुठीत धरून होते, माझ्या गोलाच्या बाणासाठी तिची कबुली मागायची होती. तो मी बाहेर काढला नाही.